समक्ष पाहणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे बुधाजी तायडे गुरुजींनी पस्तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं. स्वतःही पाळलं होतं, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते रोज कोणत्या ना कोणत्या वकिलाच्या बाकड्यावर बसत होते आणि त्यांची केस कोणी घेत नव्हतं.

केस सरळ होती, निदान गुरुजींना तसं वाटत होतं. त्यांच्या बायकोला, इंदूबाईला, पावणेदोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, समज तेवढी जशीच्या तशी राहिली. अकोल्यात जठारपेठेतल्या दोन खोल्यांत गुरुजींनी दहा महिने तिचं सगळं केलं. मग त्यांचंच हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरने बजावलं. मुलगा संघपाल नोकरीपायी जबलपूरला, त्याचंच तिथं जेमतेम. तेव्हा कोणीतरी अमरावतीचं नाव सुचवलं. भातकुली रस्त्यावर एक सेवासदन आहे, नर्स आहे, बाया आहेत, बाग आहे. गुरुजींनी फी भरली आणि इंदूबाईला तिथं ठेवलं.

सात महिने ती तिथं होती. फेब्रुवारीत तिला ताप चढला, तेव्हा सेवासदनवाल्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि मग गुरुजींना फोन केला. ते पोचले तेव्हा तिथली तरुण डॉक्टरीण इंदूबाईच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करत होती. पाठीवर तीन ठिकाणी जखमा पार मांसापर्यंत गेल्या होत्या. दोन्ही घोट्यांना दोरीचे वळ होते, काही काळे पडलेले, काही ताजे. रात्री चाळीस म्हाताऱ्यांमागे दोनच बाया, म्हणून आठ वाजता सगळ्यांना पलंगाला बांधून टाकत, हे नंतर कळलं. डॉक्टरणीने फोटो काढले, कागदावर सगळं लिहिलं आणि गुरुजींकडे पाहिलं. बोलली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

इंदूबाई आता घरी होती. सकाळी एक नर्स येऊन जखमा धुऊन जायची, संध्याकाळची पट्टी गुरुजी स्वतः करायचे. सुरुवातीला शेजारपाजारचे आले, खुर्चीच्या टोकावर बसले, चहा प्याले आणि जाताना दारात हळूच एकच विचारून गेले, की गुरुजी, पण ठेवलं काहून होतं तिथं? या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही, पण जे होतं ते दारात उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं. हळूहळू लोक यायचे थांबले. विहारातल्या रविवारच्या वंदनेला गुरुजी आधी जात, तेही त्यांनी सोडलं. संघपाल फोनवर म्हणाला, बाबा, केस नका करू, लोक उलटे आपल्यालेच नाव ठेवतीन. म्हणजे त्यानेही तेच विचारलं, फक्त जबलपूरहून.

पहिला वकील अकोल्याचाच, ओमप्रकाश. काळ्या कोटाला इस्त्री बरी होती. त्याने डॉक्टरचा कागद वरच्यावर पाहिला आणि सांगितलं की घटना अमरावतीची, तेव्हा वकीलही अमरावतीचाच पाहिजे, इथं काही होत नाही. गुरुजींनी मान डोलावली. सरकारी नोकरी केलेला माणूस, हद्द म्हटलं की त्याला सगळं पटतं.

मग अमरावतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. नर्सला दिवसभर थांबायची विनंती करायची, सकाळची एसटी धरायची, मूर्तिजापूर, बडनेरा करत अकरापर्यंत कोर्टात पोचायचं. तिथं एक नामी वकील होते, त्यांच्याकडे दोन तास बसून आत जायला मिळालं. सेवासदनाचं नाव ऐकताच वकीलसाहेबांनी चष्मा काढला. दरवर्षी आईच्या पुण्यतिथीला ते तिथं अन्नदान करत. स्वतः वाढत. पेपरात फोटो येई. आता त्याच संस्थेवर मी दावा लावू, हे बरं दिसेल का, तुम्हीच सांगा गुरुजी, असं ते अगदी मऊपणाने म्हणाले. वाढदिवस असो, तेरवी असो, आपल्याकडे माणूस वृद्धाश्रमात जेवण देतो आणि फोटो काढून घेतो. गुरुजींना पुढच्या आठवड्यात उमगलं की निम्म्या कोर्टाच्या हातची जिलेबी त्या जेवणाच्या हॉलमध्ये वाढून झालेली आहे. त्यातला एकही जण कधी वरच्या मजल्यावर, जिथं आजारी बायांना ठेवत, गेला नव्हता. गुरुजी मनात त्यांच्यावर फार संतापले. तो संताप पुढे आठच दिवस टिकला.

कारण नंतर भेटला देवीदास. भातकुली तालुक्यातल्या शाळेत गुरुजी मुख्याध्यापक असताना देवीदास चौथीत होता, पाढ्यांत कच्चा, बोलण्यात पक्का. वकील झाला यात नवल नव्हतं. भर कोर्टाच्या आवारात त्याने गुरुजींचे पाय धरले. उसाचा रस पाजला. सगळं ऐकून घेतलं. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यावर काहीतरी शोधलं आणि गुरुजींसमोर धरला.

"गुरुजी, हे अक्षर मी आंधळा झालो तरी ओळखीन. याचं काय करू, सांगा."

मोबाइलवर सेवासदनाची जाहिरात होती. मधोमध एका वहीच्या पानाचा फोटो, निळी शाई, मोत्यासारखं अक्षर, खाली लपेटदार सही.

इथं गुरुजींची एक खोड सांगितली पाहिजे. कुठं अभिप्रायाची वही दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. वाचनालय म्हणू नका, दवाखाना म्हणू नका, एकदा तर एसटीच्या उपाहारगृहात तक्रारवही मागून घेऊन त्यांनी पोह्यांची स्तुती लिहून ठेवली होती. अक्षर सुंदर, भाषा भारदस्त, आणि वळण शाळाखात्याचं. शाळा तपासायला विस्तार अधिकारी यायचा, ऑफिसात चहा-चिवडा घ्यायचा आणि खुर्चीतून न उठता शेरेबुकात लिहून जायचा, की आज रोजी शाळेस भेट देऊन समक्ष पाहणी केली, सर्वत्र स्वच्छता व टापटीप आढळली. असे शेरे गुरुजींना पस्तीस वर्षं मिळाले होते. ते खोटे असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

आणि तोच शेरा त्यांनी सेवासदनात दिला होता. इंदूबाईला ठेवून तिसरा रविवार असेल. व्यवस्थापकाने चहा दिला, वही पुढे सरकवली, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने दोन ओळी लिहाव्यात म्हणाला. गुरुजींनी पान भरून लिहिलं. 'येथे वृद्धांची सेवा नव्हे, पूजा होते. मी स्वतः प्रत्येक दालन फिरून समक्ष पाहणी केली. सर्वत्र स्वच्छता, टापटीप व मायेचा ओलावा आढळला.' लिहिताना त्यांना आनंद झाला होता. मायेचा ओलावा हे शब्द तर त्यांना विशेष आवडले होते.

देवीदास म्हणाला, हा कागद पहिल्याच तारखेला समोर येईल, आणि तुमच्यासारख्या माणसाला मी भर कोर्टात खोटं पडताना नाही पाहू शकत. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. केस मात्र त्याने घेतली नाही. परतीच्या एसटीत गुरुजींना खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय काय गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आतापर्यंत जगाने आपल्यावर अन्याय केला, एवढं तरी त्यांच्यापाशी होतं. आता तेही राहिलं नाही.

त्यांनी वकील शोधणं सोडून दिलं. चार दिवस नर्सने पाहिलं, पाचव्या दिवशी हात धुता धुता विचारलं, की गुरुजी, अमरावतीले जाणं बंद झालं का? आणि मग सांगितलं, की मागच्याच गल्लीत वकीलबाई राहतात, वर्षाली नावाच्या, त्यांना का नाही विचारत? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

वर्षालीबाईचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला सासूचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कायद्याची पुस्तकं, मधे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. बाई असेल पस्तिशीची. तिने चहा विचारला नाही की धीर दिला नाही. डॉक्टरचे कागद, फोटो, फीच्या पावत्या एकेक करून वाचत गेली, अर्धा तास. आतापर्यंत एकाही वकिलाने ते पूर्ण वाचले नव्हते. मग ती म्हणाली की पोलिसांकडची तक्रार अमरावतीलाच द्यावी लागेल, पण पैसे घेऊन सेवा दिली नाही म्हणून ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथं, इथं अकोल्यातच, दाद मागता येते. ओमप्रकाशचं नाव गुरुजींनी काढलं नाही. त्यांनी देवीदासकडून मागून घेतलेला शेऱ्याचा फोटो तिच्यासमोर ठेवला. लपवून ठेवायची त्यांच्यात आता ताकद नव्हती.

तिने तो वाचला. दोनदा वाचला.

"वर किती खेपा गेले होते तुमी?"

"एकदाबी नाही. बायांचा वार्ड आहे, माणसायले वर बंदी होती. पाटीच होती तशी."

"परवानगी मागतली होती का?"

दर रविवारी तीन वाजता इंदूबाईला चाकाच्या खुर्चीतून खाली ऑफिसात आणत. केस विंचरलेले, तोंडाला पावडर, मांडीपासून पावलापर्यंत शाल. गुरुजी समोर बसून तिला पेपर वाचून दाखवत. ती डाव्या हाताने त्यांची बाही धरायची आणि रडायची. लकव्याच्या पेशंटला असं रडू येतं, असं आयाने सांगितलं होतं. चार वाजले की गुरुजी तिच्या मुठीतून बाही सोडवून घेत आणि स्टँडवर येत.

"नाही मागतली," ते म्हणाले. "मले वर जावाचंच नव्हतं, बाई. वर गेलो असतो तर दिसलं असतं. अन् दिसलं असतं तर घरी आणा लागलं असतं. मी थकलो होतो. तिथून निघालो का स्टँडवर गिला वडा खाओ, आणि मले हलकं वाटे. दर रविवारी हलकं वाटे."

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या हलकेपणाची आता त्यांना शिसारी येत होती, आणि ती सांगायलाही कोणी नव्हतं, म्हणून एका अनोळखी वकीलबाईला शिलाई मशीनसमोर ती ऐकावी लागली. बाईने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. दया दाखवली नाही, याबद्दल गुरुजी तिचे उपकार मानायला तयार होते.

मग तिने तिच्या कामाची रीत सांगितली. समोरचा माणूस जे काढणार, ते आपणच आधी मांडायचं. तुमचं प्रतिज्ञापत्र होईल, त्यात हा शेरा न पाहता लिहिला हे स्वच्छ लिहायचं आणि का लिहिला तेही लिहायचं. आणि दुसरी गोष्ट अशी, की तक्रार तुमची नाही, इंदूबाईंची आहे. वकीलपत्र त्यांचं. त्यांना समजतं असं डॉक्टरने लिहून दिलेलं आहे.

"त्यायले सगळं वाचून दाखवा," ती म्हणाली. "हेबी. त्यायनं समजून सही केली, आंगठा देला, तरच मी उभी राह्यीन. नाहीतर दुसरा वकील पाहा."

"तिले हे सांगनं जरूरच आहे का?"

"कोर्टात तिच्यासमोर निघन तवा काय कराल, गुरुजी?"

तक्रारीचा मसुदा तीन दिवसांनी आला. छापील सात पानं. शेऱ्याचा मजकूर पाचव्या पानावर नवव्या परिच्छेदात होता. गुरुजींनी तो स्वयंपाकघरात बसून मनातल्या मनात वाचला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आठव्यावरून सरळ दहाव्यावर उडी मारता येते. वाक्य जुळतं. कोणाला कळणार नाही. वकीलबाईला सांगायचं, वाचून दाखवलं. पस्तीस वर्षं मोठ्याने वाचण्यात गेलेल्या माणसाला एक परिच्छेद गाळणं म्हणजे काय मोठी गोष्ट होती. दोन रात्री त्यांनी याच विचारात काढल्या आणि पलीकडच्या पलंगावर इंदूबाईचा श्वास ऐकत राहिले. हिला कळलं तर हीही जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बाकी सगळे गेलेच होते.

रविवारी सकाळी वर्षालीबाई आली. तिच्या हातात वकीलपत्र आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड होता. तिला खुर्ची दिली, इंदूबाईच्या पाठीला उशी दिली, आणि गुरुजी वाचायला लागले. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. दोरीचं आलं तेव्हा इंदूबाईने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत, हे वाचल्यावर तिने मान हलवली, होय अशी. सात महिन्यांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, आता कागद विचारत होता आणि ती उत्तर देत होती. आठवा परिच्छेद संपला.

गुरुजींनी दहाव्याकडे पाहिलं. वर्षालीबाई खिडकीतून बाहेर पाहत होती. ते थांबले, घोटभर पाणी प्याले आणि नववा वाचला. 'तक्रारदाराच्या पतीने सदर अभिप्राय संस्थेचा वरचा मजला न पाहता लिहिला. वर गेल्यास पत्नीची स्थिती दिसेल व तिला घरी न्यावे लागेल, या भीतीने त्यांनी वर जाण्याची परवानगी कधीही मागितली नाही.' वाचनाचा सूर त्यांना सोडता आला नाही. नीट, स्पष्ट, विरामचिन्हांसकट वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून ते आपल्या शब्दांत म्हणाले, "इंदू, तू बाही धरून रडे, तवा मले समजत होतं. मी समजून नाही घेतलं."

इंदूबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. रागाने पाहिलं असतं तर गुरुजींना ओळखता आलं असतं, पंचावन्न वर्षांत तो राग त्यांच्या ओळखीचा होता. ही नजर नवीन होती. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे आपण पाहतो, तशी.

उरलेलं वाचून झालं. वर्षालीबाईने पॅडचं झाकण उघडून डावा अंगठा हातात घेतला, तर इंदूबाईने तो मागे ओढला. तिने बोटं जुळवून हवेत रेघ ओढून दाखवली. पेन मागत होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सही येत नव्हती. गुरुजींनीच पाटीवर शिकवली होती, पूर्ण नाव, इंदू बुधाजी तायडे. पुढे बँकेत असो की मतदानाला, मागे रांग खोळंबली तरी ती तिन्ही शब्द सावकाश, काना-मात्रा जपून काढायची. एवढ्या वर्षांत तिने अंगठा कधी दिला नव्हता. वर्षालीबाईने तिच्या डाव्या हातात पेन दिलं आणि खाली पुठ्ठा धरला.

डाव्या हाताने तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. अक्षर पाटीवरच्या पहिल्या दिवसासारखं वाकडं उमटत होतं. खूप वेळाने 'इंदू' झालं. तिने दम घेतला. मग पेन उचललं, कागदावर चार बोटं पुढे नेलं आणि तिथं 'तायडे' लिहिलं. मधली जागा तशीच सोडली.

हात थकला असता तर शेवटचं नाव राहिलं असतं. गुरुजींना हे कोणी सांगायची गरज नव्हती. चालते का असं, त्यांनी विचारलं. वर्षालीबाई म्हणाली, चालते, सही ज्याची त्यानं करावी तशी. मग तिने प्रतिज्ञापत्रावर कुठं सही करायची ते गुरुजींना दाखवलं, ती घेतली, कागद पिशवीत घातले, मंगळवारी दाखल करते म्हणाली आणि गेली. वकील मिळाला होता. आता केस उभी राहणार होती.

गुरुजींनी दुपारी तिला भात भरवला. तिने खाल्ला. पेपर वाचू का विचारलं तर तिने डोळे मिटले. संध्याकाळी त्यांनी पाणी गरम केलं, कापूस आणि मलम काढलं, तिला कुशीवर केलं आणि पट्टी बदलली. वरची जखम भरत आली होती, खालच्या दोन अजून ओल्या होत्या. पट्टी झाली की रोज ते पलंगाला वळसा घालून पलीकडे जात, तिच्यावर वाकत, आणि ती डाव्या हाताने त्यांचा खांदा धरून उताणी होई. आजही ते गेले आणि वाकले. तिचे डोळे उघडे होते, भिंतीवर होते, हात चादरीवर होता.

"इंदू," ते म्हणाले, "धर."

तिने हात उचलला नाही. गुरुजींच्या ऑपरेशनच्या जागी कळ यायला लागली, तरी ते तसेच वाकून राहिले.